गव्याचा जोडीदार

मलकापूरच्या ढोरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाची ही आठवण. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचे हुकूम नागपूरहून यायचे आणि दवाखान्याचे डॉक्टर सदा दौऱ्यावर असायचे, म्हणून लोक मलाच डॉक्टर म्हणायचे. मी सुरुवातीला दोन-चार वेळा दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

त्या साली पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गवा सापडला. सापडला म्हणजे रुतला. रानातून उतरून ज्वारीत शिरला आणि काळ्या चिखलात पोटापर्यंत फसला. गावच्या लोकांनी रुतलेली गाडी काढतात तसा आठ बैलजोड्या लावून त्याला ओढून काढला, आणि काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय काढलं. तोवर गवा थकून आडवा झाला होता, म्हणून बांधता तरी आला. फार मोठा नव्हता. ऐन उमेदीतला खोंड, उंचीने चांगल्या बैलाएवढा.

तहसीलदारांनी वर कळवलं, वरच्यांनी आणखी वर. कुठल्याशा संस्थानच्या राजाला आपल्या बागेत गवा हवाच होता म्हणे. हुकूम आला की मालगाडीचा डबा मिळेपर्यंत जनावर मलकापूरच्या दवाखान्यात ठेवावे, जिवंत ठेवावे. 'जिवंत' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. डॉक्टरांनी तो कागद माझ्या हातात दिला, "सांभाळा" म्हणाले आणि दौऱ्यावर निघून गेले.

वाटेतल्या पूर्णा नदीचं पाणी उतरल्यावर गवा आला आणि दवाखान्यामागच्या कोंडवाड्यात गेला. सांभाळायचं म्हणजे खाऊ घालायचं, आणि गवा खाईना. हिरवा चारा नाही, कडबा नाही, सरकी नाही. पाणी तेवढं प्यायचा, तेही कोणी बघत नसलं तर. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती, आणि गवा मेला तर जाब कोणाला विचारतील हे कोणी सांगायची गरज नव्हती. पण नुसतं नोकरीचं म्हणालो तर खोटं होईल. त्याच्या बरगड्या दिवसागणिक वर येताना मी पाहत होतो, आणि मला वाईट वाटत होतं.

त्यात माणसं. पहिल्या दिवशी मलकापूर आलं, दुसऱ्या दिवशी आसपासची गावं गाड्या जुंपून आली. फुटाणेवाला दवाखान्याच्या पायरीवर बसला. आजारी गाईंना उभं राहायला जागा उरली नाही, आणि त्यांचे मालक गाई सोडून गवा पाहायला गेले. कोंडवाड्याला सागाच्या बल्ल्यांचं कुंपण होतं. गवा लोकांकडे पाठ करून उभा राहायचा. तोंड दिसावं म्हणून लोक कुंपणाला वळसा घालून पलीकडे जायचे, की गवा पुन्हा पाठ करायचा. मग लोक पुन्हा वळसा घालायचे. दुपारपर्यंत दोनेकशे माणूस कोंडवाड्याभोवती गोल फिरत होतं. त्यात कोणी एकाने चपला काढल्या. त्याचं पाहून दुसऱ्याने काढल्या. संध्याकाळी पाहतो तर सगळे हात जोडून अनवाणी फिरताहेत, आणि माझ्या दवाखान्याच्या दारात चपलांचा ढीग.

"आमी दहा कोस चालत आलो डाक्टरसाहेब," एक जण मला म्हणाला, "अन् हा आमाले पाठ दाखवून राह्यला!"

"मग त्यानं काय करावं? भजन म्हणावं?"

"भजन नाई, पन आल्यागेल्या मानसाकडे पाहावं तं खरं."

गव्याचे चारही पाय गुडघ्याखाली पांढरेफेक असतात. त्यावरून गावात ठरलं की हे साहेबाचं जनावर आहे, कारण ते मोजे घालून आलंय. त्यामुळे कुंपणाच्या आत जायचं धाडस कोणी केलं नाही, एवढा एकच फायदा मला त्या मोज्यांचा झाला. मात्र हा बैल की हेला, म्हणजे रेडा, यावरून दोन तट पडले, आणि हा वाद साधा नव्हता. पोळा तोंडावर आला होता. बैल असेल तर त्याची पूजा करायला हवी, आणि हेला असेल तर पूजा करणारा वर्षभर हसं करून घेणार. हेल्याच्या बाजूचे म्हणायचे, तो चिखलात बसलेला सापडला, म्हणजे हेलाच. बैलाच्या बाजूचे म्हणायचे, बसला नव्हता, फसला होता. मला निकाल विचारायला आले. गवा हा गवाच असतो, असं मी सांगितलं, तर दोन्ही तट एकदिलाने म्हणाले की डाक्टरले काही समजत नाही.

'जनावरास खाण्यास देऊ नये' अशी पाटी मी लावली. ज्यांना वाचता यायचं ते ती मोठ्याने वाचून इतरांना ऐकवायचे, आणि मग सगळे मिळून आणलेलं सामान त्या पाटीखाली ठेवायचे. पेंड, गूळ, भाकरी, भजी, एकदा तर तंबाखूचा विडा. रात्रीतून शेजारच्या बकऱ्या येऊन ते संपवायच्या. लोकांना सकाळी वाटायचं गव्याने खाल्लं, आणि ते दुप्पट आणायचे. त्या आठवड्यात त्या बकऱ्यांनी जे अंग धरलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

रोहिणखेडचे पाहुणे मलकापुरात मुलगी पाहायला आले होते. मुलीचा बाप हौसेने त्यांना गवा दाखवायला घेऊन आला. पाहुण्यांनी मुलीबद्दल घरी पोचल्यावर कळवतो म्हणून सांगितलं होतं. गव्याबद्दल मात्र नवरदेवाच्या बापाने तिथेच मत दिलं. म्हणाला, "मान आखूड हाय. जू बसनार नाई." मुलीच्या बापाचा चेहरा असा पडला, जसा काही गवा त्याच्या घरचा.

आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण एक प्रश्न विचारायचा. वऱ्हाडातल्या माणसाला शिंगाचं जनावर एकटं दिसलं की तो बेचैन होतो. एक बैल म्हणजे त्याच्या हिशेबी अर्धंच काहीतरी. आधी दात दाखवा म्हणायचे. मी नाही म्हटलं की ओठ पुढे काढून कुंपणापलीकडून हेरायचा प्रयत्न करायचे. मग विचारायचे, "अन् याचा जोडीदार?"

"त्याला जोडीदार नसतो हो. रानातलं जनावर आहे."

"मंग त्याले बी आनाचा होता ना रानातून. एकटा काऊन आनला?"

दिवसातून पन्नास वेळा. जसा काही मीच जोडी फोडून एक बैल घरी ठेवून आलो होतो. चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. राग आला की माझ्या तोंडून आमची चिखलीकडची बोली बाहेर पडते. "जोडीदार मी हाय त्याचा, मी! करा माही पूजा!" असं मी ओरडलो. कोणी हसलं नाही. एका म्हातारीने खरोखरच माझ्याकडे निरखून पाहिलं.

लोक फिरायचे तेव्हा एक म्हातारा बाजूला कडुनिंबाखाली बसलेला असायचा. त्याच्या हातात कासरा आणि कासऱ्याला एक भुरा बैल. त्याला मी ओळखत होतो. गावाबाहेर त्याचं थोडं रान होतं, भाजीपाला लावायचा, घरात तो आणि म्हातारी दोघंच. पेरणीच्या दिवसांत त्याच्या जोडीतला एक बैल पान लागून गेला, साप चावून, आणि तेव्हापासून हा उरलेला बैल नीट खात नव्हता. दोन महिने मी त्याला पुड्या देत होतो, बांबूच्या नळकांड्याने काढे पाजत होतो. माझ्या औषधाने बैल मेला नाही, एवढंच त्या औषधाबद्दल चांगलं सांगता येईल.

त्या दिवशी मी ओरडून दमलो, तसा म्हातारा जवळ आला.

"डाक्टरसाहेब, याची उंची मापू द्या."

"कशाला?"

"मापू तं द्या."

मी त्याला हाकलून दिलं. जरा जास्तच बोललो. तो गेला नाही. गवा कुंपणाला लागून उभा होता तेव्हा त्याने बल्लीच्या फटीतून दोरी सोडली, खांद्यापर्यंत माप घेतलं, गाठ मारली, मग तीच दोरी आपल्या बैलाच्या खांद्याला लावली.

"एक बोटाचा फरक हाय," तो म्हणाला. "साहेब, तो बी खात नाई अन् हा बी खात नाई. दोघाले शेजारी बांधून पाहा. रोग नाई माह्या बैलाले, तुमाले मालूम हाय."

मी आत निघून गेलो. ढोरांचं शास्त्र मी शिकलो होतो, आणि त्या शास्त्रात जोड लावण्याचं औषध कुठे नव्हतं. पण पाचव्या दिवशी सकाळी गवा उठलाच नाही. कान लोंबत होते, नाक कोरडं पडलं होतं. दौऱ्यावरच्या डॉक्टरांना तार केली होती, तिचं उत्तर 'सांभाळा' एवढंच आलं होतं. मी कडुनिंबाकडे गेलो आणि म्हटलं, "आणा बाबा तुमचा बैल."

लोक फिरायचे थांबले. म्हाताऱ्याने कुंपणाचं फाटक उघडून बैलाला आत सोडलं आणि स्वतः बाहेर राहिला. बैल दोन क्षण उभा राहिला. मग चालत गेला आणि गव्याच्या उजव्या हाताला, अंग वळवून, त्याच्याशी बरोबर समांतर उभा राहिला. मध्ये जुवाएवढी जागा सोडून. आयुष्यभर तो उजव्या बाजूला जुंपला गेला होता, त्याला दुसरीकडे उभं राहणं माहीतच नव्हतं. गव्याने डोकं वळवलं. फुसकारला. मला वाटलं आता शिंग घालतो. बैलाने लक्षच दिलं नाही. त्याने मान खाली घातली आणि समोरचा कडबा खायला लागला.

त्या कडब्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. काही वेळाने गवा पुढचे पाय टेकून उठला. बैलाच्या तोंडाजवळ तोंड नेलं, हुंगलं, आणि त्याच पेंढीतलं एक धाट ओढलं. मी माझ्या आयुष्यात इतका आनंदलो नसेन. शेजारी उभ्या असलेल्या फुटाणेवाल्याला मी मिठी मारली. लोकांना मात्र यात नवल असं काहीच वाटलं नाही. "सांगतच होतो आमी पह्यल्या दिसापासून," एक जण दुसऱ्याला म्हणाला, "जोडीदार पाह्यजे म्हनून."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. जू वाहून बैलाच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. म्हातारा वाटीत हळद-तूप घेऊन कोंडवाड्यात गेला. आपल्या बैलाचा खांदा मळला. मग तसाच हात लांब करून, बैलाच्या पाठीवरून ओणवा होऊन, गव्याचाही खांदा मळला. ज्या खांद्यावर कधी जू बसलं नव्हतं तो खांदा. गवा उभा राहिला. म्हातारा दोघांच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाहेर एकदम कुजबुज झाली. आवतण दिलं म्हणजे दिलं. आता तो बैल असो, हेला असो, उद्याचा पाहुणा झाला.

आणि पोळ्याच्या सकाळी तार आली, डबा दुपारच्या मालगाडीला लागतोय. तारेमागोमाग राजाचा माणूस उतरला, मोठ्या मिशांचा, हातात चांदीच्या मुठीची काठी. गवा पाहून म्हणाला, "लहान आहे." मग म्हणाला, "गाडी जुंपा, स्टेशनावर न्यायचाय."

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सबंध तालुक्यात त्या दिवशी कोणी गाडी जुंपली नसती, लाटसाहेब आला असता तरी. राजाच्या माणसाने आधी आवाज चढवला, मग काठी आपटली, मग विनवण्या केल्या. हुकमाचं जनावर, मालगाडीचा डबा, आणि गाडी ओढायला बैल नाही, हजारो बैल रंगवून उभे असताना. शेवटी म्हातारा म्हणाला, "माहा बैल चालवतो. हा त्याच्या संगं येईन." त्याला बाजूला घेऊन मी शब्द दिला, "डब्यात गवा चढला की दोन मिनिटांत तुमचा बैल बाहेर काढतो."

अशी ती मिरवणूक निघाली. दोघांचे खांदे एका दोरीने बांधलेले, दोन्ही बाजूंना दावी धरून आठ जण, पुढे मी. पाहणाऱ्यांना वाटलं पोळा सुटला, तोरण तुटून जोड्या निघाल्या. रंगवलेल्या शिंगांच्या, झुलींच्या, बाशिंगांच्या सगळ्या जोड्या आमच्यामागे लागल्या. मानाची जोडी पाटलाची, तिच्यापुढे कोणी जायचं नसतं. पाटील धावत आला आणि "थांबवा त्याले!" म्हणून ओरडला. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्याला." गव्याने एकदा पाटलाकडे पाहिलं, आणि पाटलाच्या मानाने त्या वर्षी दुसऱ्या नंबरावर समाधान मानलं. वाजंत्री वाजली असती तर गवा उधळला असता, म्हणून मी हात जोडून सगळ्यांना गप्प केलं. डफडी काखेत, घुंगरं मुठीत धरलेली, आयाबायांच्या तोंडावर पदर. पूर्ण मलकापूरचा पोळा एक आवाज न करता स्टेशनावर गेला. स्टेशनमास्तरने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

फलाटापलीकडे डब्याला फळ्यांचा उतार लावला होता. खांद्यांची दोरी आम्ही तिथे सोडली. बैल चढला आणि आत जाऊन उजव्या बाजूला उभा राहिला. गवा त्याच्यामागे चढला आणि डाव्या बाजूला उभा राहिला. तेवढ्यात म्हातारी आली, धापा टाकत, डोक्यावर टोपलं, त्यात दोन पितळी ताटं पुरणपोळीची. तिने गवा आधी पाहिला नव्हता. ती फिरली नाही, तिने दात विचारले नाहीत. उतारावर चढून तिने एक ताट बैलापुढे ठेवलं, एक गव्यापुढे. बैलाने खाल्लं. गव्याने हुंगलं आणि खाल्लं. तिने दोघांच्या पायांवर पाणी घातलं, नमस्कार केला आणि खाली उतरली.

"आता बैल काढा," राजाचा माणूस म्हणाला.

म्हाताऱ्याने कासरा धरून बैलाला वळवलं. बैल वळला, तसा गव्याने आतून डब्याच्या फळीला धडक दिली. मग दुसरी. तिसऱ्या धडकेला त्याच्या तोंडातून फेस आला आणि पुढचे पाय मुडपले. म्हाताऱ्याने बैलाला पुन्हा आत नेलं. गवा उठला. पुन्हा काढून पाहिलं, पुन्हा तेच. गार्ड शिट्टी वाजवत होता. म्हातारा माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी शब्द दिला होता, आणि मी फळ्यांकडे बघत राहिलो. गवा जिवंत पोचावा, माझी नोकरी राहावी, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"राहू द्या," तो म्हणाला. "एकटा नका धाडू त्याले."

"अन् आपलं रान?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. त्याने कासरा सोडून घेतला आणि तो खाली आला. दार लागलं, गाडी सुटली. मागे रंगवलेले बैल आणि मुकी माणसं नुसती उभी होती. कोणीतरी सवयीने डफड्यावर एक थाप मारली आणि थांबला.

म्हातारा कासरा गुंडाळत माझ्यापाशी आला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्या मी घेतल्या असत्या.

"डाक्टरसाहेब, तो उजव्या अंगाचा हाय. डावीकडं बांधला तं उभाच राह्यते, खात नाई. कागदावर लिहिलं ना तुमी?"

"हाव," मी म्हणालो, "लिहिलं."

डब्याबरोबर दिलेल्या कागदावर फक्त एक गवा होता. बैलाचा उल्लेखही नव्हता. दोघं रिकामी ताटं घेऊन रुळांच्या कडेने निघाले, आणि ती पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत मी हललो नाही. मला माझी इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही. मग मी तारेच्या खिडकीशी गेलो.

"कोन गेलं?" तारबाबूने विचारलं. आमच्याकडे तार म्हणजे कोणीतरी गेल्याचीच.

"कोणी नाही. राजाला तार आहे. लिहा. बैल उजवीकडे बांधावा, गवा डावीकडे."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ही काही तार झाली का, म्हणाला. राजाला अशी तार पाठवली तर तुमच्यासोबत माझीही नोकरी जाईल, म्हणाला. मी खिडकीचा गज धरला आणि चिखलीच्या भाषेत त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्याने मान खाली घालून कट्ट कट्ट सुरू केलं. अर्ध्यावर थांबून त्याने विचारलं, उजवीकडे म्हणजे आपल्या उजवीकडे की बैलाच्या? मी सांगितलं, बैलाच्या. तेही घाला.